इंदूरजवळ म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन सहज जाता येईल असा धबधबा कोणता?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचे गुडघे दुखतात, मुलगी चार वर्षांची आहे आणि गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटांच्या वर चालायला नको, तर मग जास्त डोकं न लावता सरळ पातालपाणीला जा. राऊवरून महू आणि महूच्या थोडं पुढे, इंदूरपासून 35 किलोमीटरच्या आसपास. गाडी लावायची, जरासं चालायचं की रेलिंग, आणि समोर सुमारे 300 फूट पाणी दरीत कोसळताना दिसतं. इतका वेळ सपाट शेतं आणि सोयाबीन बघत आलेलो असतो आणि माळव्याचं पठार तिथे एकदम संपतंच, खाली सगळं नर्मदेच्या खोऱ्यातल्या निमाडकडे उतरणारं जंगल. वारा आपल्या बाजूचा असला तर चष्मा दर मिनिटाला पुसावा लागतो, आमच्या सासूबाई शेवटी चष्मा पर्समध्ये टाकून नुसत्या आवाज ऐकत उभ्या होत्या.

पाणी मात्र पावसाचंच हं. जुलै ते सप्टेंबर, त्यातही दोन-तीन दिवस पाऊस होऊन जरा उघडलं की बेस्ट. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात नुसता काळा खडक, त्यामुळे मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांना नेऊ नका.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. धबधब्याच्या वर नदीचं पात्र आहे तिथे बरेच जण पाण्यात उतरून दगडांवर बसतात, सेल्फी वगैरे. तुम्ही नका जाऊ, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी नाही. पाऊस मागे वरच्या भागात पडतो, इथे ऊन असतं आणि लोंढा बघता बघता येतो. 2011च्या जुलैत असंच झालं, एकाच कुटुंबातली माणसं मधल्या दगडावर अडकली, एकमेकांना धरून उभी होती आणि तशीच वाहून गेली, त्याचा व्हिडिओ देशभर दाखवला होता. खाली कुंडाकडे जायचाही विचार नको, गुडघ्यांना तर नाहीच. रेलिंगच्या अलीकडून जे दिसतं तेच खरं बघण्यासारखं आहे.

माकडं भयंकर आहेत तिकडे. शेवेचं पुडकं हातात धरून फिरायचं नाही, भुट्टा पण गाडीत बसून खा, आणि मुलीला एकटीला खायला देऊन तर अजिबात उभं करू नका.

तिंछा धबधब्याचं नाव पण कोणीतरी सुचवेल, खंडवा रोडला सिमरोलच्या बाजूला आहे, दिसायला सुंदर, पण तिथे काठाजवळ मुलं पळायला लागली की आपला जीव टांगणीला. मानपूरच्या शीतलामाता धबधब्याला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे परत चढणं आलंच, सासऱ्यांना घेऊन नको.

आणि चालायचंच नसेल तर पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन आहे, 2018च्या डिसेंबरात सुरू झाली, जुनी मीटरगेज लाइन, बोगदे-पूल लागतात आणि धबधबा दिसतो तिथे गाडी थांबवतात. सहसा पावसाळ्यात चालवतात पण दिवस बदलत असतात, म्हणून रेल्वेच्या साइटवर बघून आधीच बुकिंग करा, शनिवार-रविवारचं ऐनवेळी मिळत नाही. कालाकुंडला उतरलात की कलाकंद घ्या, पण लगेच घ्या, परतीच्या वेळेपर्यंत संपलेला असतो.