सरत्या वर्षाविषयी लिहायला बसले की उदासच का उतरते?

वर्ष संपत आले आणि सुट्ट्या लागल्या की समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास डोकावते: आजूबाजूचे सगळे मजेत असतात, मला मात्र हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. ज्यांना लिहिण्याची सवय आहे त्यांच्या तक्रारीला आणखी एक धार असते. कागदावर उतरलेले इतके निराश असते की लिहिणाऱ्यालाच त्याची धास्ती वाटू लागते. हा आजार तर नाही ना, आणि लिहिण्यानेच तो वाढत तर नाही ना, असे प्रश्न मनात घर करतात. अशाच एका बाईंची हकिगत त्यांच्या संमतीने येथे सांगत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी सांभाळून हौसेने कथा-कविता लिहिणाऱ्या. त्यांच्या लेखनगटाने डिसेंबरसाठी ‘हिवाळा आणि सरते वर्ष’ असा विषय दिला होता. बाईंनी आपले दीड पान वाचून दाखवल्यावर कोणीच काही बोलले नाही, निघताना एका मैत्रिणीने मात्र त्यांना बाजूला घेऊन “तू बरी आहेस ना?” असे विचारले. हा प्रश्न त्यांना इतका लागला की माझ्यासमोर बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, “मी लिहिणं बंद करू का? लिहिलं की आणखीच खोलात जायला होतं.”

उत्तर देण्याआधी काही नीरस पण आवश्यक चौकशी करावी लागते. झोप, भूक, कामातले लक्ष, माणसांत मिसळणे आणि जगणे नकोसे वाटते का, हे सगळे मी विचारून घेतले. हिवाळ्यात येणारे आणि ऋतू पालटला की ओसरणारे नैराश्य हा खरा, उपचार करण्याजोगा आजार आहे. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात बहुधा झोप आणि खाणे वाढते, अंगात जडपणा येतो, आणि निदान करताना हे चक्र किमान लागोपाठ 2 वर्षे दिसले आहे का, ते पाहतात. बाईंमध्ये यातले काही नव्हते. त्या वेळेवर उठत होत्या, कामावर जात होत्या, हसतही होत्या. उदासी लिहायला बसल्यावरच अंगावर येत होती.

म्हणून मी ते दीड पान मोठ्याने वाचायला सांगितले. भाषा चांगली होती, लयही होती. पण वाक्यामागून वाक्य ‘जमले नाही’, ‘राहून गेले’, ‘हातून निसटले’ अशा क्रियापदांवर संपत होते आणि दर दोन ओळींनी ‘मी’ येत होता. साऱ्या मजकुरात एक माणूस नव्हता, एक वस्तू नव्हती, एक ठरावीक दिवस नव्हता. शेवटी 31 डिसेंबरची रात्र वर्षातली सर्वांत काळोखी असल्याचे म्हटले होते. येथे मी थोडा आगाऊपणा केला आणि त्यांना सांगितले की उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला येऊन गेलेला असतो, आणि संध्याकाळी तर त्याच्याही आधीपासून लांबू लागलेल्या असतात, कारण वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्या दिवसाच्या अगोदरच होतो. बाई हसल्या. “म्हणजे आकाशाचं काही चुकलेलं नाही, काळोख मीच घालून ठेवला आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि बोलणे तेथून मोकळे झाले.

लिहिण्याने दुःख वाढते का, याचे प्रामाणिक उत्तर ‘थोडा वेळ वाढते’ असे आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लागोपाठ 4 दिवस, रोज 15 मिनिटे लिहायला लावले होते. ज्यांनी आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल, काय घडले आणि काय वाटले हे दोन्ही लिहिले, त्यांचे मन लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न झालेले आढळले. पण पुढच्या सुमारे 6 महिन्यांत त्यांचे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाणे इतरांच्या तुलनेत कमी झाले. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे असाच फायदा दिसला नाही, आणि जेथे दिसला तेथे तो बहुधा माफकच होता, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: लिहिणाऱ्यांनी भावनेबरोबर घटनाही लिहिली होती. बाईंच्या पानावर घटनाच नव्हती, होता तो नुसता निकाल. निकाल पुन्हापुन्हा लिहीत राहणे म्हणजे तेच दुःख उगाळत बसणे, आणि उगाळण्याने मन हलके होत नाही.

मी त्यांना ‘सकारात्मक लिहा’ असे सांगितले नाही. हा सल्ला सुट्ट्यांच्या दिवसांत फारच स्वस्त होतो आणि लिहिणाऱ्या माणसाला तो अपमानासारखा लागतो. मी एवढेच सुचवले की ‘वर्ष’ हा शब्द न वापरता या वर्षातली एकच वेळ लिहायची, एका बैठकीत, घड्याळ लावून, आणि वेळ संपली की कागद बंद करून दुसऱ्या कामाला लागायचे.

पुढच्या भेटीत त्यांनी जे आणले त्यात एक फोन होता. हात ओले असल्यामुळे त्यांनी तो पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता आणि पलीकडून धाकटी बहीण सांगत होती की या सुट्टीत ती येणार नाही. आईच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून दोघींत काही महिन्यांपूर्वी शब्दाला शब्द लागला होता. फोनवर त्याचा उल्लेख कोणीच केला नाही. बाई “बरं” म्हणाल्या, बहीणही “बरं” म्हणाली, आणि पडदा काळा झाल्यावर त्यावर आपल्याच बोटाचे ओले ठसे दिसत राहिले, असे त्यांनी लिहिले होते. वाचताना त्यांचा आवाज कापला, पण थांबला नाही.

हा फोन नोव्हेंबरच्या अखेरीचा. आठवण तयार होताना मन सगळा काळ सारख्या मापाने मोजत नाही; त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांचे वजन जास्त पडते. डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांच्या 1993 मधल्या प्रयोगात लोकांनी एकदा 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 सेकंद हात ठेवला, आणि एकदा तेवढाच वेळ ठेवून, पाणी किंचित कोमट होत असताना, आणखी 30 सेकंद. पुन्हा करायचे झाल्यास कोणते निवडाल, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. बाईंच्या बाबतीत याच्या उलट झाले होते. वर्षात त्यांच्या दोन कथा पुऱ्या झाल्या होत्या, आईची तब्येत सुधारली होती. पण शेवट कडू झाला आणि त्याची चव मागच्या सगळ्या महिन्यांना लागली. सगळे वर्ष वाया गेले असे म्हणणे त्यांना सोपे होते, बहिणीचा राग आला आहे असे म्हणणे अवघड.

यानंतर त्यांनी तोच फोन बहिणीच्या बाजूने लिहून पाहिला. ते त्यांना मुळीच आवडले नाही, आणि त्यातली बहीण पहिल्या प्रयत्नात बरीच दुष्ट निघाली. दुसऱ्या खर्ड्यात ती निदान दमलेली दिसू लागली.

अशी तक्रार असणाऱ्या वाचकांनी एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. उदासी 2 आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकत असेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा लिहिताना मरणाचे विचार पुन्हापुन्हा येत असतील, तर वहीवर भिस्त न ठेवता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. मरणाच्या विचारांच्या बाबतीत तर आजच.

बाईंचा शेवटचा प्रश्न होता, “हे बहिणीला पाठवू का?” मी सुट्ट्या संपेपर्यंत थांबायला सुचवले, कारण स्वतःसाठी लिहिलेले आणि दुसऱ्याला उद्देशून लिहिलेले यांत शब्दांची निवड वेगळी लागते, आणि रागाच्या भरात पाठवलेला मजकूर परत घेता येत नाही. त्यांनी ते लेखनगटात कथा म्हणून वाचले. बहिणीला अजून पाठवलेले नाही. जानेवारीत तिला फोन मात्र केला, आणि आईच्या औषधांच्या वेळा कोणी सांभाळायच्या यावर दोघी बराच वेळ बोलल्या.