नदीकाठच्या गावाचा इतिहास: कुठे शोधायचा, कशाला हात लावायचा नाही

या वेळची बहुतेक पत्रं वर्धा आणि वैनगंगेच्या काठच्या खेड्यांतून आली आहेत. सारख्या प्रश्नांचा एक प्रश्न करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर, दीडशे उंबऱ्यांचं. गावाचा इतिहास लिहायला घेतला, पण म्हातारी माणसं एक सांगतात आणि शाळेचं रजिस्टर भलतंच. सुरुवात कुठून करू? (एक शिक्षक, आर्वी तालुका)

आधी गाव नदीच्या कोणत्या काठाला आहे ते बघा, कारण कागद त्यावर ठरतात. पश्चिमेचा काठ वऱ्हाडाचा. तो १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथे पुढे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत, बसली. पूर्वेचा काठ नागपूरकर भोसल्यांचा. ते राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि नंतरच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवताना, मालगुजार हे गावाचे मालक ठरले. ती मालगुजारी १९५१ मध्ये गेली. मधे फक्त नदी आहे, सोयरीक तर रोजची. तरी पलीकडच्या मामाच्या गावाचा इतिहास आपल्या गावाला चिकटवू नका.

तुम्ही आर्वीकडचे, म्हणजे गाव मालगुजारीतलं. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बंदोबस्ताचा नकाशा, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या चराई-सरपणाच्या हक्कांची नोंद) यांच्या नकलांसाठी अर्ज करा. गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, पाण्यावर हक्क कुणाचा, कोतवालाला काय द्यायचं, असलं सगळं वाजिब-उल-अर्जात असतं. फारसी शब्दांना घाबरू नका. एखादा निवृत्त तलाठी सोबत बसवला की निम्मं काम झालं.

मग कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. लोक ते जातीच्या दाखल्यासाठी काढतात, आजोबांची एक ओळ सापडली की मिटतात. तुम्ही सलग वाचा. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मिळाली तर मुद्दाम वाचा. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीने मध्यप्रांत-वऱ्हाडाला देशात सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांत नेऊन बसवलं, आणि मृत्यूचं कारण म्हणून बहुधा नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं. एकाच घरच्या नोंदी लागोपाठ आल्या, तर आज पडीक असलेल्या जागेचा उलगडा तिथे होऊ शकतो. अक्षर मोडी असेल तर नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ (स्थापना १९३४) किंवा यवतमाळचं शारदाश्रम इथे विचारा.

नकाशात शेजारच्या मौजापुढे ‘रीठ’ लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा. वस्ती उठली, नाव आणि शिव तेवढी राहिली. त्या रिठीतल्या मारुतीला नारळ फोडायला तुमच्या गावातली कोणती घरं जातात ते विचारा. पुष्कळदा ती घरं तिथूनच आलेली असतात, आणि कागदावर हे कुठेच नसतं.

प्रश्न: गावाबाहेर नदीच्या दरडीला पांढरीचं टेकाड आहे. लोक ट्रॉल्या भरून माती शेतात नेतात. खापरं निघतात, मागे नाणीही निघाली म्हणतात. आम्ही पोरांनी खणून पाहिलं तर चालेल का? (युवक मंडळ, भंडारा जिल्हा)

नाही. उत्साह समजतो, पण नाही. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचा मातीचा ढिगारा, आणि तिला किंमत आहे ती थरांमुळे. तुमच्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी खोदलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप निघाला. त्याचा काळ सांगता आला, कारण कोणती वस्तू कोणत्या थरात होती याची नोंद झाली. फावड्याने काढलेलं नाणं म्हणजे नुसता धातूचा तुकडा.

बघायला मात्र भरपूर आहे. पावसाळा सरला की दरड ताजी कापलेली असते. सकाळच्या तिरप्या उन्हात समोर उभे राहा. राखेचा काळपट पट्टा दिसेल, कुठे चुलीच्या जागी भाजून लाल झालेली माती. मधेच हातभर जाडीचा, एकही खापर नसलेला बारीक पिवळसर गाळ दिसला तर तो बहुधा पुराचा. त्याच्या वर पुन्हा राख आणि खापरं असतील, तर गाव बुडालं आणि लोक परत तिथेच येऊन बसले, असं समजायला जागा आहे. बाहेरून लाल, आतून आणि काठाला काळं खापर, लोखंड गाळताना उरलेली मळी, आजच्या विटेपेक्षा चांगली लांब-रुंद वीट: यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. उपटू नका. फोटो आणि टेकाडाचा सर्व्हे नंबर राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

नाण्यांचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा गाडलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि माती हे गौण खनिज आहे, परवानगीशिवाय ट्रॉली भरता येत नाही. ग्रामसभेत ठराव घ्या. राख-शेणाने कसदार झालेली ती माती शेतकऱ्याला हवी असते हे खरं, तेव्हा त्याला चोर म्हणून भांडण काढू नका. तलावाचा गाळ मिळवून देता आला तर बघा, नुसत्या बंदीने ट्रॉल्या रात्री चालतात.

प्रश्न: मातामायच्या पारावर कोरीव दगड आहेत. यात्रेआधी ऑइल पेंट देतो. जुन्या गढीच्या भिंतीलाही सिमेंट करायचा विचार आहे. (ग्रामपंचायत सदस्य, दर्यापूर तालुका)

दोन्ही करू नका. तो दगड वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असेल तर खालच्या पट्टीत लढाई असते, आणि तिथे गाई कोरलेल्या असल्या तर गावची गुरं राखताना तो माणूस पडला. पेंटच्या थराखाली पहिल्यांदा त्या गाईच बुजतात. पूजेचा शेंदूर चालू द्या, डबा बंद करा. चढलेला रंग अ‍ॅसिडने किंवा ग्राइंडरने काढायला जाऊ नका. गढीची माती जमिनीतली ओल वर ओढते आणि भिंतीतून सोडते. सिमेंटने ती ओल आत कोंडते, दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रा मातीसकट खाली येतो. माती-भुशाचा गिलावा आणि वर पाणी न मुरणारं छप्पर, एवढं पुरे.

प्रश्न: आमच्या गावी भीम थांबला होता. हे अधिकृत कसं करून घ्यावं? (अचलपूर तालुका)

करून घेऊ नका, कथा म्हणूनच लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. कौंडिण्यपूर रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळाचे आणि त्याआधीच्या वस्तीचे थर मिळाले. रुक्मिणी खापरांतून सिद्ध होत नसते, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नाही.

तुमच्या तालुक्यात याहून भारी गोष्ट आहे. चम्मकला १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना ताम्रपट निघाले, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे, पाचव्या शतकातले. मधुनदीच्या काठचं ‘चर्मांक’ गाव हजार ब्राह्मणांना दिल्याचं त्यात आहे. पुढे अटी आहेत: राज्याशी द्रोह करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. मोडल्या तर राजा गाव काढून घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. दान देतानाच राजाला एवढी काळजी का वाटली असेल? भीमाच्या पावलापेक्षा पोरांना हे सांगा.

प्रश्न: शाळेच्या भिंतीवर १९९१ च्या पुराची रेघ आहे. रंगकामात जाणार. (नरखेड तालुका)

जाऊ देऊ नका. ३० जुलै १९९१ ला मोवाडला वर्धेच्या पुराने दोनशेवर माणसं नेली, तुमच्या तालुक्यात हे मी सांगायला नको. रेघेचा फोटो काढा, जोत्यापासून उंची मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवा आणि त्याच उंचीवर छिन्नीने खूण करून घ्या.

प्रश्न: आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात प्लॉट मिळाले. आता जपायला उरलं काय? (वैनगंगाकाठचे एक वाचक)

नावं उरली आहेत आणि ती फार दिवस राहणार नाहीत. डोहांची, घाटांची, पायवाटांची नावं ढिवर समाजातल्या जुन्या डोंगेवाल्यांना पाठ असतात. पाणवठ्याची, धुण्याच्या दगडांची नावं बायांना. डांगरवाडी (नदीच्या रेतीतली टरबूज-खरबुजांची वाडी) कोण कुठे लावायचं, रेतीत खड्डा किती खोल, खत कोणतं, नदी उतरल्यावर पहिलं आळं कधी, हे फोनवर रेकॉर्ड करा. मग लिहूनही काढा, फोन बदलला की रेकॉर्डिंग जातं. लग्नाच्या जुन्या फोटोंत नवरा-नवरीच्या मागे बघा: कवेलूची घरं, ओटे, विहीर.

आणि एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: भूसंपादनाचे निवाडे. मोबदला ठरवताना घराघराचं मोजमाप, भिंत मातीची की विटांची, विहीर, आंबा-मोहाची झाडं, सगळं लिहिलं गेलं. लोक त्यात फक्त रुपयांचा आकडा बघतात. पण तिथे तुमचं गाव घरवार लिहिलेलं आहे. भूसंपादन कार्यालयात नकलेचा अर्ज करा. ती यायला वेळ लागेल, तोवर घरोघरी पिशवीत बांधून ठेवलेल्या नोटिसांचे फोटो काढायला घ्या.