सोलापुरात घरच्या घरी स्टेक आणि क्रीमी सॉस जमेल का? ओव्हन नाही, ग्रिल नाही.

जमेल. बिडाचा जड तवा आहे ना घरात? मग ओव्हन-ग्रिलचं नावही काढू नका. अवघड काय असेल तर आपल्या हाताच्या सवयी. आपलं मटण म्हणजे रस्सा, आणि रश्श्यासाठी आपण जे जे करतो ते जवळपास सगळं स्टेकला उलटं पडतं.

आधी मांस. स्टेक म्हटलं की बाहेर बीफच धरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल बंद, म्हशीचं चालतं. मी मात्र बोकडाचंच करतो, कारण आमच्याकडे तेच खातात. त्यामुळे पुढचं सगळं बोकडाचं समजा.

खाटकाला नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हणालात तर तुमचं वाक्य संपायच्या आत रश्श्याचे तुकडे पडलेले असतात. आधीच थांबवा. कोवळ्या बोकडाची मागची मांडी घ्या, नळी काढायला लावा, आणि मांसाचे धाग्याला आडवे काप मागा, दीड-दोन बोटं जाड. आडवे का, तर धागे आखूड होतात आणि चावायला सोपं जातं. हाडासकट काप छान दिसतात खरे, पण सत्तूरने नळी फुटली की कपच्या मांसात घुसतात. काढलेली नळी टाकू नका, ती फोडून घरी आणा. तिचं काम पुढे आहे.

घरी आलं की हळद-मीठ, आलं-लसूण, दही यातलं काही लावायचं नाही. फक्त मीठ चोळा आणि काप उघड्या ताटात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. हा कोरडेपणाच महत्त्वाचा. पाणी १०० अंशांला उकळतं, आणि मांसाला तो तपकिरी खमंग थर धरायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. ओलं मांस तव्यावर टाकलंत की आधी ते पाणी आटेपर्यंत शिजतच बसतं, आणि थर धरेपर्यंत आतून वातड होतं. मांस धुतलं असेल तर जुन्या सुती पंचाने दाबून टिपा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

मांस चिवट वाटलं तर कच्च्या पपईचा कीस चालतो, पण अर्धाच तास, मग पुसून काढायचा. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून रात्रभर लावून ठेवला होता. सकाळी वरून पिठूळ लगदा, आत तसंच चिवट. शेवटी त्याचा खिमा केला.

परदेशी पाककृतींत ‘तासभर आधी बाहेर काढून ठेवा’ असं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हे करू नका. पारा बेचाळीसला असताना वीस मिनिटं पुष्कळ झाली.

तवा धूर निघेपर्यंत तापवा. रिफाइंड शेंगदाणा तेल चमचाभर, त्यावर काप, एका वेळी दोनच. झाकण अजिबात नाही, वाफ धरली की सगळं ओलं. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. शेवटच्या मिनिटाला आच कमी करून लोणी आणि ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, आणि ते लोणी चमच्याने कापांवर घालत राहा. लोणी सुरुवातीलाच घातलं तर करपतं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा, हा सुरक्षित आकडा. आमच्याकडे गुलाबी मटण कोणी तोंडात घालत नाही, म्हणून मी सत्तरपर्यंत नेतो. काप ताटलीत काढून पाच-सात मिनिटं तसेच राहू द्या, लगेच कापलंत तर रस ताटलीत जातो.

आता तो तवा. तळाशी काळपट तपकिरी खरवड दिसेल, ती घासून टाकायला हात शिवशिवेल. टाकू नका, सॉसची सगळी चव तिथेच आहे. जास्तीचं तेल ओतून टाका, एक बारीक चिरलेला कांदा त्यातच परता, चिमूटभर मैदा, आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेली मिरी दोन चमचे. मग त्या नळीचं अळणी पाणी, म्हणजे नळी उकळून काढलेलं बिनमसाल्याचं पाणी, वाटीभर. हळद न घालता काढा, नाहीतर सॉस पिवळा होतो. मीठही बेताचंच, आटल्यावर ते वाढतं. उलथन्याने खरवड सोडवत पाणी निम्मं होऊ द्या.

मग आच अगदी मंद, आणि तेव्हाच क्रीम. बाजारातल्या पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, ते खळखळ उकळलं तर फुटू शकतं. तो मैदा त्यासाठीच. म्हशीच्या दुधाची साय फेटून घातली तर चव जास्त चांगली लागते, पण ती ताजी हवी. विरजण लागलेली साय मी एकदा घातली आणि पाहुण्यांसमोर तव्यात पनीर झालं. लिंबू हवंच असेल तर ताटात पिळा. चमच्याच्या पाठीवर सॉस टिकला की गॅस बंद, आणि ताटलीत साचलेला मांसाचा रसही त्यात ओता.

काळं तिखट घालायचा मोह होईल. माझ्या आईला दरवेळी होतो. पहिल्या वेळी तरी घालू नका, मिरीची चव पार बुडते.

सोबत उकडलेले बटाटे लोण्यात परतून. पाव मी आणत नाही. कडक भाकरीचे तुकडे सॉसमध्ये बुडवून बघा, एका बाजूने भिजलेले, दुसऱ्या बाजूने अजून कुरकुरीत. आमच्याकडे मुलं स्टेक ताटात ठेवून आधी त्यावरच भांडतात, म्हणून सॉस दीडपट करतो.