कफ सिरपमधला ‘कफ’ कोणाचा?

प्रश्न असा आलाय की ‘कफ सिरप’ला मराठीत ‘कफाचं औषध’ म्हटलं तर चालेल का. नाही चालणार! बाटलीवरचा कफ इंग्रजी, त्याचा अर्थ खोकला. आपला कफ छातीत साठतो आणि बेडका होऊन पडतो. परवा कोथरूडला एका मेडिकलमध्ये एक आजोबा म्हणाले, “कफ झालाय, कफचं औषध द्या”, आणि काउंटरवरच्या मुलाने काढून दिली कोरड्या खोकल्याची बाटली. त्यात असतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ते मेंदूत जिथून खोकल्याची उबळ सुटते तिथेच ती दाबतं, कोडीनचंही तसंच. म्हणजे छाती भरलेली आणि ती मोकळी करणारा खोकलाच दाबून टाकला. ज्याची छाती भरलीय त्याच्यासाठी असतं ग्वायफेनेसिन, ते कफ पातळ करतं, नाहीतर ब्रोमहेक्सिन, ते कफाचे चिकट धागे तोडतं (हे आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून बनवलंय, कोणी सांगत नाही!). टर्ब्युटालीनवाली बाटली तिसरीच, ती आवळलेल्या श्वासनळ्या सैल करते. तिन्हींवर लिहिलेलं मात्र कफ सिरप.

पण मला सांगायचंय ते पुढचं. या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग संपतं जी-एचवर. ते काही फ लिहायला ठेवलेलं नाही, जुन्या इंग्रजीत तिथे घशातून काढलेला, ख-सारखा उच्चार होता. डचमध्ये आजही खोकणं म्हणजे ‘कुखन’. इंग्रजी ‘लाफ’चंही तेच, जर्मनमध्ये बघा, ‘लाखन’. म्हणजे फ मागाहून आलाय, मूळ आवाज कुख्, खोक्! आता आपला खोकला घ्या, खाकरणं घ्या, तेही घशातल्या त्याच आवाजावरून झालेले. वंशाने भाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये, पण दोन टोकांच्या माणसांनी एकच आवाज ऐकून शब्द घडवला, तेव्हा इंग्रजी कफची जोडी लावायचीच तर ती खोकल्याशी लावा, आपल्या कफाशी नको. इंग्रजी शब्द संस्कृत कफावरून आला असं जे ठासून सांगतात त्यांनी आधी तो जी-एच कुठून आला ते सांगावं. आणि चरकाने कासाचे, म्हणजे खोकल्याचे, 5 प्रकार सांगितलेत, त्यातला कफज फक्त एक. आपल्याकडे खोकला आणि कफ कधीच एक नव्हते.

आता आपला कफ. ‘केन जलेन फलति इति कफः’, क म्हणजे पाणी, पाण्याने फळतो तो कफ, ही फोड आयुर्वेदवाले हटकून देतात. पाठांतराला ठीक आहे, पण व्युत्पत्ती म्हणून मला अजिबात पटत नाही, शब्द आधी होता आणि फोड नंतर जुळवलीय. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या, संस्कृतची बहीण शोभेल अशा जुन्या इराणी भाषेत, ‘कफ’ म्हणजे फेस, फारसीत आजही ‘कफ’ म्हणजे फेस, साबणाचा म्हणा, समुद्राचा म्हणा. खोकून पडलेला बेडका बघितलाय ना, वर बुडबुडे असतात? झालं तर मग! हे सख्खं नातं समोर असताना त्या पाण्याच्या मागे कशाला लागायचं.

हां, तर मेडिकलमध्ये काय म्हणायचं. आमची आजी म्हणायची ‘ढास लागलीय’ किंवा ‘कफ सुटत नाहीये’. पहिलं कोरड्या खोकल्याला, दुसरं ओल्याला. तेवढं सांगा, म्हणजे कोणती बाटली काढायची ते त्या मुलाला कळेल.