फोटो 'काढला' की 'टिपला'?

प्रश्न असा आहे : डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या स्कॉटिश चित्रकारावरच्या एका लेखात 'हिलने शेकडो माणसांचे फोटो काढले' असं वाक्य होतं. मजकूर तपासणाऱ्याने 'काढले' खोडून 'टिपले' केलं. चित्र काढतात, फोटो टिपतात किंवा घेतात, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोणतं?

'काढले'च बरोबर. हिलच्या बाबतीत तर ते आग्रहाने ठेवावं.

हिल मूळचा निसर्गचित्रकार. मे १८४३मध्ये एडिनबरा इथे स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि शेकडो पाळकांनी बाहेर पडून फ्री चर्च स्थापन केलं. हा प्रसंग एका भल्यामोठ्या तैलचित्रात उतरवायचं हिलने मनावर घेतलं. पण इतके चेहरे रेखाटायचे कधी? पाळक तर आपापल्या गावी पांगणार. डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्याची गाठ रॉबर्ट ॲडमसन या बावीस वर्षांच्या तरुणाशी घालून दिली. ॲडमसनला टॅल्बट या इंग्रज संशोधकाची कॅलोटाइप पद्धत, म्हणजे कागदावर निगेटिव्ह करायची रीत, अवगत होती. चित्रासाठी कच्ची टिपणं म्हणून सुरू झालेलं काम चित्रापेक्षा मोठं झालं. साडेचार वर्षांत दोघांनी हजारो फोटो काढले. त्यात पाळक होते तसे एडिनबऱ्याजवळच्या न्यूहेवन गावचे कोळी आणि माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या कोळणीही होत्या.

आता 'टिपणे' पाहू. पाखरू दाणा टिपतं, नेमबाज सावज टिपतो. क्षणात झडप घातल्याचा भाव त्या शब्दात आहे. आजच्या कॅमेऱ्याला तो शोभतो, पण हिलच्या काळी फोटोला बसणं म्हणजे खरोखरच बसणं होतं. एडिनबऱ्यातल्या कॅल्टन टेकडीवर रॉक हाउस हा त्यांचा स्टुडिओ होता. त्याच्या अंगणात, लख्ख उन्हात खुर्च्या-टेबलं मांडून घराच्या आतला देखावा उभा करायचा आणि बसणाऱ्याने मिनिटभर तरी हलायचं नाही. त्या फोटोंत कुणी गालाला हात लावून बसलंय, कुणाचं कोपर पुस्तकांच्या चवडीवर टेकलंय. मान स्थिर राहावी म्हणून केलेली ही सोय हिलच्या नजरेमुळे बैठकीचा डौल होऊन जाते. याला 'टिपले' म्हणवत नाही. (टीपकागद शाई टिपतो, त्या अर्थाने मात्र चालेल, कारण इथेही कागदच उजेड पीत होता.)

'काढणे' हे प्राकृतातल्या 'कड्ढ'वरून आलं. ओढणे, ओढून बाहेर आणणे, हा त्याचा गाभा. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, रांगोळी काढतो, चित्र काढतो. हिंदीत 'तस्वीर खींचना'मध्ये हीच ओढ आहे. गुजराती मात्र फोटो 'पाडतो' आणि बंगाली छबी 'तोलतो', म्हणजे उचलतो.

कॅलोटाइपची कृती पाहिली की 'काढणे' किती चपखल आहे ते कळतं. चांदीच्या क्षारांनी माखलेला कागद कॅमेऱ्यातून बाहेर आला की त्यावर जवळपास काहीच दिसत नाही. चित्र पडलेलं असतं, पण दडलेलं. मग गॅलिक आम्लाचं द्रावण हलक्या हाताने फिरवायचं, आणि कोऱ्या कागदातून हळूहळू कपाळ, नाक, दाढी वर येऊ लागते. टॅल्बटला १८४०मध्ये गवसलं ते हेच : न दिसणारी प्रतिमा बाहेर काढता येते. मराठी माणसाने फोटोला 'काढणे' लावलं ते बहुधा चित्रकलेवरून, पण शब्द नेमका जागी बसला.

'छायाचित्र'ही असंच. टॅल्बटने १८३९मध्ये आपल्या कलेचं वर्णन सावली पक्की करण्याची कला असं केलं होतं. त्यामुळे प्रकाशाने होणाऱ्या चित्राला 'छाया' कशाला, असा आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. 'मी फोटो काढला' याचे मराठीत दोन अर्थ होतात. कॅमेरा धरणाराही हे म्हणतो आणि पासपोर्टसाठी स्टुडिओत जाऊन आलेलाही. मुंबईचे धनजीभाई नौरोजी, पारशी घरातून ख्रिस्ती झालेले तरुण, स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याबरोबर १८४३मध्ये स्कॉटलंडला गेले आणि हिल-ॲडमसन यांच्यापुढे फोटोला बसले. (हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे ते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत मराठी भाषेवरचं टिपणही त्यांचंच.) 'धनजीभाईंनी एडिनबऱ्यात फोटो काढला' असं लिहिलं तर वाचक गोंधळेल. तिथे 'काढून घेतला' म्हणावं.

मूळ वाक्यात दुरुस्ती करायचीच तर ती कर्त्यात करा. १८४४मध्ये हे फोटो प्रदर्शनात लागले तेव्हा श्रेय असं दिलं होतं : कृती ॲडमसनची, कलादिग्दर्शन हिलचं. बसवणं, उजेड जोखणं, हातांची ठेवण हिलची. रसायनं आणि कॅमेरा ॲडमसनचा. ॲडमसन १८४८च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला आणि हिलचं फोटोंचं काम जवळजवळ थांबलं. ते मोठं तैलचित्र त्याने १८६६मध्ये पूर्ण केलं, तेवीस वर्षांनी. साडेचारशेहून जास्त चेहरे त्यात दाटीवाटीने आहेत, आणि माझ्या डोळ्यांना ते त्याच्या फोटोंपुढे निर्जीव वाटतात. म्हणून वाक्य असं करावं : 'हिल आणि ॲडमसन यांनी शेकडो माणसांचे फोटो काढले.'