‘डॉक्टर हू’ पुन्हा कशी रुजली?

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू होऊन कमालीची गाजली. हे यश जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींचे मानावे का? आणि आज ती पाहायची, तर अगदी पहिल्या भागापासून पाहावी लागेल का?

उत्तर : आठवणींचा वाटा आहेच, पण मला तो दुय्यम वाटतो. नुसत्या आठवणींवर मालिका चालली असती, तर १९९६ चा दूरचित्रपटच तिला पुन्हा उभे करून गेला असता. त्यात जुना डॉक्टर, म्हणजे काळातून फिरणारा मालिकेचा परग्रहवासी नायक, सुरुवातीलाच मरतो आणि नव्या देहात जागा होतो. मालिकेशी ज्याची ओळखच नाही, त्याने हा चेहरापालट कसा पचवावा? ब्रिटनमध्ये प्रेक्षक भरपूर लाभले, अमेरिकेत मात्र पुरेसे मिळाले नाहीत आणि पुढची मालिका निघालीच नाही.

पटकथालेखक रसेल टी. डेव्हिस यांनी बीबीसी वेल्ससाठी मालिका पुन्हा उभी करताना नेमके उलट केले. २६ मार्च २००५ रोजी प्रसारित झालेला पहिला भाग डॉक्टरपासून सुरूच होत नाही. घड्याळाचा गजर होतो, रोझ नावाची तरुणी उठते, लंडनच्या एका मोठ्या दुकानात कामाला जाते आणि संध्याकाळी तळघरात एकटी असताना तिथले पुतळे हलू लागतात. तेवढ्यात कोणीतरी तिचा हात धरतो आणि पळायला सांगतो. हेच पुतळे १९७० मध्ये काचा फोडून रस्त्यावर आले होते, हे जुन्या रसिकांनी लगेच ओळखले. परंतु त्यांचे ‘ऑटॉन’ हे नाव या भागात कोणाच्याही तोंडी येत नाही, त्यामुळे नव्या प्रेक्षकाला आपले काही निसटले असे वाटतच नाही. ब्रिटनमध्ये हा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला.

जुन्या कथांचा पसारा डेव्हिस यांनी पडद्याआड घडून गेलेल्या ‘काळयुद्धा’त बेचिराख करून टाकला. डॉक्टर आपल्या जमातीतला एकटाच उरला आहे, एवढे कळले की प्रेक्षकाचे काम भागते. सहाव्या भागात साखळदंडांत जखडलेला एकच डॅलेक, म्हणजे धातूच्या कवचातला डॉक्टरचा जुना शत्रू, दिसतो, आणि जिना चढता न येण्यावरून ज्याची वर्षानुवर्षे चेष्टा झाली, तो तरंगत वर येऊ लागतो. (१९८८ मध्येही एक डॅलेक असाच वर आला होता, हे पत्राने कळवण्याची तसदी जाणकारांनी घेऊ नये!) देह पालटण्याची युक्ती तर थेट तेराव्या, म्हणजे शेवटच्या भागासाठी राखून ठेवली होती, तिथे ख्रिस्तोफर एक्लस्टन यांच्या जागी डेव्हिड टेनंट आले, तोवर प्रेक्षक गुंतलेला होता.

एरवी पंचवीस मिनिटांच्या भागांतून आठवडेच्या आठवडे चालणारी गोष्ट आता बहुधा पंचेचाळीस मिनिटांत पुरी होऊ लागली, त्याचाही फायदा झाला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, २००५ पासून सुरुवात करावी. १९६३ पासूनचे सगळे भाग पाहायचे म्हटले तरी शक्य नाही, कारण बीबीसीने साठच्या दशकातल्या कित्येक भागांच्या फिती पुसून टाकल्या. त्यांचा आवाज तेवढा उरला आहे, तोही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रण करून ठेवल्यामुळे. जुन्याची गोडी लागलीच, तर १९७० ची ती पुतळ्यांची चार भागांची कथा घ्यावी. मालिका रंगीत झाली ती तिच्यापासून, आणि पुतळे तोवर आपल्या ओळखीचे झालेले असतील.