जुना गेम कन्सोल स्वस्तात हवा असेल, तर मुंबईच्या माळ्यांवर काय पडून आहे ते आधी पाहा

दहा हजार रुपयांच्या आत जुना व्हिडिओ गेम आणि त्याचे काही खेळ मुंबईत कोठे मिळतील, आणि परदेशी संग्राहक आपल्या व्हिडिओंत दाखवतात तसा सुपर निन्टेन्डो किंवा निन्टेन्डो ६४ इथल्या जुन्या बाजारात हाती लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. असा कन्सोल क्वचितच मिळेल, आणि मिळाला तरी स्वस्त नसेल. अमेरिकेत आणि जपानमध्ये ही यंत्रे घराघरांत होती, म्हणून तिथे ती अडगळीतून निघतात. आपल्याकडे ती आलीच इतकी थोडी, की ज्याच्याजवळ आहे त्याला त्या यंत्राची आजची किंमत तोंडपाठ असते. कोणत्याही शहराचा जुना बाजार म्हणजे त्या शहराने वीस-तीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेल्या वस्तूंचा उरलेला माल असतो, आणि म्हणून मुंबईत भरपूर विकले गेले तेच मुंबईत स्वस्त मिळते.

नव्वदच्या दशकात इथल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला तो बहुतेक वेळा खुद्द निन्टेन्डोचा नव्हता. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या, निन्टेन्डोच्याच फॅमिकॉम या कन्सोलची ती नक्कल होती, आणि ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ती विकली जाई. मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांचा तो खेळ आपण त्याच्यावरच खेळलो. त्याच्या कॅसेटला ६० पिना असतात, तर अमेरिकी आणि युरोपीय निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२. त्यामुळे परदेशातून कोणी प्रेमाने आणलेली कॅसेट आपल्या यंत्रात बसत नाही. सेगा या जपानी कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल शॉ वॉलेस या कंपनीमार्फत अधिकृतपणे विकला गेला, पण तो तुलनेने कमी घरांत पोहोचला. आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून मेगा ड्राइव्ह आणि पहिले प्लेस्टेशन आले, आणि बोटीवर काम करणाऱ्यांनी थेट जपानमधून काही यंत्रे आणली. त्यांनंतर प्लेस्टेशन २ आला. जगभर त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले, त्याचे उत्पादन २०१३च्या सुरुवातीपर्यंत चालू होते, आणि आपल्याकडेही तो वर्षानुवर्षे दुकानांत होता. तुमच्या रकमेत मी डोळे मिटून सुचवेन तो हाच, कारण पहिल्या प्लेस्टेशनच्या जवळजवळ सगळ्या सीडी त्याच्यावर चालतात आणि एका यंत्राच्या पैशांत दोन पिढ्या पदरात पडतात. फक्त पहिल्या प्लेस्टेशनच्या खेळांचे सेव्ह (खेळात कुठवर आलो याची नोंद) ठेवायला त्याच पिढीचे मेमरी कार्ड लागते. प्लेस्टेशन २चे ८ एमबीचे कार्ड लावून खेळ सेव्ह होत नाही म्हणून यंत्राला दोष देणारे मी पाहिले आहेत.

आता जागांविषयी. सर्वांत स्वस्त माल बाजारात पोहोचण्याआधीच मिळतो. गिरगाव, लालबाग, दादर या भागांतील चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की बिऱ्हाडे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात हलतात, आणि त्या वेळी वीस वर्षे न उघडलेला पोटमाळा एका दुपारीत रिकामा केला जातो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या साफसफाईतही हेच घडते. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आणि नातेवाइकांत ‘जुना टीव्ही गेम टाकू नका, मला सांगा’ एवढा निरोप गणपतीनंतर लगेच टाकून ठेवावा, आणि गल्लीतल्या रद्दीवाल्याला आपला नंबर द्यावा. माझ्याकडच्या तीन ८-बिट यंत्रांपैकी (म्हणजे फॅमिकॉमच्या त्या नकलांपैकी) दोन याच मार्गाने आली. एक फुकट मिळाले, तर दुसऱ्याच्या मालकीणबाईंनी पैसे घेतलेच नाहीत, वर चहा पाजला आणि ‘आमच्या मुलाने याच्यापायी दहावीला कमी मार्क मिळवले’ असे सांगून ते जवळजवळ आनंदाने माझ्या हवाली केले.

चोर बाजाराविषयी लोकांच्या कल्पना जुन्या आहेत. मटन स्ट्रीटवरच्या पक्क्या दुकानांत पितळी दिवे आणि ग्रामोफोन यांच्यासाठी जावे. आपल्या कामाचा बाजार शुक्रवारी ती दुकाने बंद असताना पहाटे रस्त्यावर भरतो. अंधारात बॅटरी घेऊन आलेले व्यापारी चांगला माल सहापूर्वीच उचलतात, हे खरे असले, तरी त्यांची नजर घड्याळांवर आणि कॅमेऱ्यांवर असते, आणि चार्जरांच्या गुंत्यात पडलेले कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि कॅसेट आठ वाजेपर्यंत तशाच असतात. तिथे वस्तू चालू करून दाखवण्याची सोय नसते. म्हणून किंमत नेहमी ‘बंद पडलेले यंत्र’ समजूनच ठरवावी. ‘चाचा, चालू है क्या?’ या प्रश्नाला आजवर मला नकारार्थी उत्तर मिळालेले नाही.

लॅमिंग्टन रोडला कन्सोल शोधायला न जाता तो चालता करायला जावे: अडाप्टर, एव्ही केबल, स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर, बटनसेल, कॉन्टॅक्ट साफ करायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सगळे ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात मिळते. उपनगरांतील तासावर चालणारी गेम पार्लरे बंद होताना मालक यंत्रे एकगठ्ठा काढतात, तो सौदाही वाईट नसतो. मात्र त्या यंत्रांनी दिवसाला बारा-बारा तास काम केलेले असते हे लक्षात ठेवून भाव करावा. ऑनलाइन जाहिरातींबाबत माझा एकच नियम आहे: टोकन म्हणून एक रुपयाही आधी पाठवायचा नाही, आणि शक्यतो विक्रेत्याच्या घरी, टीव्हीला जोडून पाहूनच पैसे द्यायचे.

वीजपुरवठ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः नुकसान सोसले आहे. एका निवृत्त खलाशाकडून मी जपानी बनावटीचे पहिले प्लेस्टेशन घेतले होते. त्याची वायर म्हणजे टेपरेकॉर्डरला असते तीच इंग्रजी आठच्या आकाराची साधी वायर, त्यामुळे घरातली वायर त्यात सहज बसली आणि मी बटण दाबले. ‘पट्’ असा आवाज, मग जळका वास, आणि फ्यूजसह पॉवर सप्लायचा एक भाग गेला. यंत्राच्या पोटावर ‘एसी १०० व्होल्ट’ असे स्पष्ट छापलेले होते. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट असतात. म्हणून यंत्र उलटे करून ती पट्टी वाचल्याशिवाय वायर लावू नये. पहिल्या प्लेस्टेशनच्या मॉडेल क्रमांकाचा शेवटचा आकडाही बोलका असतो, उदाहरणार्थ ७००० मालिकेत ० म्हणजे जपान, १ अमेरिका, २ युरोप आणि ३ आशिया. आखातातून आलेली यंत्रे बहुधा २२०–२४० व्होल्टची असल्यामुळे तिथे हा धोका कमी असतो. बाहेरच्या अडाप्टरवर चालणाऱ्या यंत्रांत व्होल्टेजइतकीच पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकांची जागा, महत्त्वाची आहे: मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला पिनेच्या मध्यभागी ऋण लागते आणि दुसऱ्याला धन, तर आपल्या ८-बिट नकलांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. व्होल्टेज आणि पोलॅरिटी तपासणारा दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर या छंदात पहिल्याच महिन्यात वसूल होतो.

प्लेस्टेशन २ पाहायला जाताना तीन डिस्क सोबत न्याव्यात: पहिल्या प्लेस्टेशनची एक सीडी, एक साधी डीव्हीडी आणि एक दुहेरी थराची डीव्हीडी, जशी ‘गॉड ऑफ वॉर २’ची आहे. लेन्स थकली की ती एक प्रकार वाचते आणि दुसरा नाकारते. विक्रेता नेमकी वाचली जाणारी डिस्कच लावून दाखवतो, त्यात दर वेळी लबाडी असते असेही नाही. त्याच्याकडे तेवढीच असते. खेळ सुरू झाला म्हणून लगेच समाधान मानू नये, निदान दहा मिनिटे खेळावे आणि नवा टप्पा लोड होताना आत कुरकुर होते का ते ऐकावे. आपल्याकडची बरीच यंत्रे नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेली असतात. घरी कॉपी केलेल्या डिस्क मूळ डिस्कइतका प्रकाश परतवत नाहीत, आणि त्या नीट वाचता याव्यात म्हणून कारागिराने लेन्समधल्या लेसरची शक्ती वाढवून ठेवलेली असण्याचाही संभव असतो. अशी लेन्स मग फार टिकत नाही. मूळ डिस्क ओळखणे मात्र सोपे आहे: पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क खालून काळी असते, आणि प्लेस्टेशन २चे जे खेळ सीडीवर आले त्यांची खालची बाजू निळी असते.

प्लेस्टेशन २च्या जुन्या, जाड मॉडेलमध्ये आणखी एक सोय आहे. मागच्या बाजूला हार्ड डिस्कसाठी केलेला कप्पा असतो, त्याचे झाकण काढले की स्क्रू न उघडता आतला पत्रा दिसतो. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून मी न बघता यंत्र उचलले होते. घरी उघडले तेव्हा पंख्याच्या प्रत्येक पात्यावर वाळलेल्या गाळाचा करडा थर होता, आणि बोर्डाच्या कडेने गंजाची एक सरळ आडवी रेघ गेली होती. पाणी कुठवर चढले होते हे त्या रेघेवरून पट्टीने मोजता आले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसाचे ते यंत्र असावे असे मला वाटते, पण सिद्ध करता येणार नाही. तेव्हापासून मी झाकण काढून आधी वास घेतो. बारीक मॉडेलांपैकी सुरुवातीच्यांना ८.५ व्होल्टचा वेगळा अडाप्टर लागतो आणि तो हमखास हरवलेला असतो. ९०००० मालिकेत पॉवर सप्लाय आतच असल्याने ती डोकेदुखी नाही. मला गेल्या दिवाळीनंतर दोन कंट्रोलरसह असे एक यंत्र २,२०० रुपयांना मिळाले.

खेळांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त असतात ते ज्यांच्या नावात साल आहे ते. फुटबॉलचा पुढच्या वर्षीचा खेळ आला की आदल्या वर्षीच्या डिस्कला कोणी विचारत नाही, आणि मुलाबरोबर संध्याकाळी खेळायला त्या उत्तम असतात. क्रिकेट आणि कुस्ती यांना मात्र मुंबईत अजूनही मागणी आहे, त्यांचे भाव उतरत नाहीत.

हातातल्या यंत्रांत गेम बॉय ॲडव्हान्स आणि त्याच्या कॅसेटही चालवणारा डीएस लाइट हे दोन्ही चांगले, आणि त्या कॅसेटना देशाचे कुलूप नसते, म्हणजे कोणत्याही देशातली कॅसेट चालते. पण या कॅसेटच्या नकला अमाप आहेत. मूळ कॅसेटच्या लेबलवर उजेडात तिरके धरल्यावर दाबून उमटवलेला बारीक आकडा दिसतो, आणि खालच्या फटीत डोकावले तर सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर ‘निन्टेन्डो’ हे नाव छापलेले असते. पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्ड यांतील बटनसेल फक्त घड्याळासाठी असतो, त्यामुळे तो संपला तरी मूळ कॅसेटमधील सेव्ह राहतो. सेव्हच पुसला जात असेल, तर कॅसेट नकली असल्याचा संशय घ्यावा. त्याआधीच्या गेम बॉय कॅसेटमध्ये उलट आहे, तिथे सेव्हच सेलवर जगतो. आणि कृपया कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ती मारली आहे, पण फुंकरेतला ओलावा पिना गंजवतो, आणि मुंबईच्या हवेला त्या कामात आपल्या मदतीची गरज नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात, काडी काळी येईनाशी होईपर्यंत.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. सोनीचे हातातले यंत्र पीएसपी घेताना मागचे झाकण काढून बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहावे. एक्सबॉक्स ३६०ची सुरुवातीची मॉडेले लाल दिव्यांच्या बिघाडासाठी कुप्रसिद्ध आहेत, मी त्यांच्या वाटेला जात नाही. निन्टेन्डोच्या ‘वी’ (Wii) या कन्सोलचे जे मॉडेल वरच्या झाकणाखाली त्याआधीच्या गेमक्यूब या कन्सोलच्या कंट्रोलरची भोके ठेवते, ते गेमक्यूबच्या डिस्कही चालवते, आणि विकणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते.

शेवटी टीव्ही. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी एव्ही पिन नसेल, तर स्वस्त कन्व्हर्टर लावता येतो, पण बटण दाबणे आणि मारिओने उडी मारणे यांत किंचित अंतर पडते. तुमच्या ८-बिट यंत्राबरोबर बदकांच्या शिकारीची गन आली असेल, तर मात्र पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागेल. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि गन तो उजेड टिपते. हा हिशेब ट्यूबच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे एलईडी पडद्यावर एकही बदक पडत नाही. असा टीव्ही विकत घेऊ नये. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, महिना-दोन महिन्यांत कोणीतरी तो खाली आणून ठेवतेच. खर्च होतो तो फक्त दोन माणसांच्या हमालीचा, आणि मागचे झाकण उघडण्याचा मोह तेवढा आवरा, कारण बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.